स्पॅनिश विनोदवीर: सुरुवात कोणापासून करावी?

सातपुडा
नोकरीच्या निमित्ताने माद्रिदमध्ये राहायला येऊन मला तीन वर्षे झाली. बँकेत, दवाखान्यात, भाजीच्या दुकानात माझे स्पॅनिश आता अडत नाही. अडते ते दुपारच्या जेवणाच्या टेबलावर. तिथे कोणीतरी अर्धे वाक्य उच्चारतो, बाकीचे सात जण खो खो हसतात आणि मी शब्दन्‌शब्द समजूनही कोरडी बसून राहते. गेल्या आठवड्यात बैठक लांबल्यावर आमच्या विभागप्रमुखांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले, "पुढच्या आठवड्यात आपण सरकारविषयी बोलू." सगळे हसले. आमच्या कामाचा सरकारशी काडीचाही संबंध नाही. नंतर शेजारच्या सहकाऱ्याने समजावले, की हे तिप आणि कोल या जुन्या विनोदी जोडीचे वाक्य आहे आणि ते न हसता म्हणायचे असते.

तर जाणकारांना माझा प्रश्न असा आहे, की स्पेनचे विनोदवीर मुळापासून समजून घ्यायचे असतील तर सुरुवात कोणापासून करावी? चित्रपटांपेक्षा रंगमंच, नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर कारकीर्द घडवलेले कलाकार मला अधिक हवे आहेत, कारण जेवणाच्या टेबलावर येणारी वाक्ये बहुधा त्यांचीच असतात.

कवडसा
विलंब न लावता मिगेल हिला यांच्यापासून सुरुवात करावी. जन्म १९१९, माद्रिद. मृत्यू २००१, बार्सेलोना. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात साध्या शिपायाचा वेष आणि हातात टेलिफोन, एवढ्या सामग्रीवर या माणसाने अख्ख्या देशाला हसवले. "शत्रू आहे का तिकडे? जरा फोनवर बोलवा," हे त्यांचे वाक्य आजही आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना पाठ असते. पुढचे संभाषण असे, की उद्या हल्ला करणार आहात का, किती वाजता, फुटबॉलचा सामना संपल्यावर आलात तर चालणार नाही का, आणि फार जण येणार असाल तर आमच्याकडे सर्वांना पुरतील एवढ्या गोळ्या नाहीत, तेव्हा आम्ही झाडतो आणि तुम्ही आपसांत वाटून घ्या. हे सगळे शेजाऱ्याकडे विरजण मागावे तितक्या सहज स्वरात चालते.

पेठकर
शीर्षक न वाचता थेट प्रतिसादावर आलो आणि "हिला यांच्यापासून" वाचून क्षणभर वाटले, की कोणा बाईंची चौकशी चालू आहे. हलके घ्यावे.

कवडसा
पेठकर, स्पॅनिशमध्ये 'इ'पूर्वीचा 'ग' आपल्या ह-खच्या मधला उच्चारतात, त्याला माझा इलाज नाही. मात्र या माणसाचे चरित्र हलके घेण्यासारखे नाही. स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) हिला जनरल फ्रान्कोच्या बंडखोर सैन्याविरुद्ध, प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले. १९३८ च्या डिसेंबरात कोर्दोबा प्रांतातल्या एल विसो गावाजवळ ते पकडले गेले आणि इतर कैद्यांसह त्यांना गोळ्या घालण्यासाठी उभे करण्यात आले. आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे, की गोळ्या झाडणारे दारू प्यायलेले होते, त्यामुळे ते मेलेल्यांमध्ये पडून राहिले आणि वाचले. या प्रसंगाचे त्यांनी पुढे आयुष्यभर एका वाक्यात वर्णन केले: आम्हाला नीट मारले नाही. त्यानंतर तुरुंगवास झाला. ज्या माणसाने शत्रूला फोन लावून सामन्यानंतर यायला सांगितले, त्याने शत्रू किती अंतरावरून पाहिला होता, हे ठाऊक झाल्यावर तो फोन वेगळाच ऐकू येतो.

निरंजनी
कवडसा यांच्या माहितीत थोडी भर. हिला यांची सुरुवात व्यंगचित्रकार म्हणून झाली. १९४१ मध्ये मिगेल मिउरा यांनी काढलेल्या 'ला कोदोर्निस' या विनोदी साप्ताहिकात त्यांची चित्रे येत असत. कोदोर्निस म्हणजे लावा पक्षी. "सर्वांत बुद्धिमान वाचकासाठी सर्वांत धाडसी नियतकालिक" असे त्याचे बिरुद होते आणि ते १९७८ पर्यंत चालले. रंगमंचावर हिला आले ते १९५१ मध्ये, माद्रिदच्या फोंताल्बा नाट्यगृहात, आणि तेही हौशी माणसाने मध्येच घुसावे तसे. युद्धाचे एकपात्री तेव्हापासून त्यांच्या नावाला चिकटले ते कायमचे.

त्यांचे दुसरे गाजलेले एकपात्री स्वतःच्या जन्माविषयी आहे. त्यात ते सांगतात, की मी जन्मलो तेव्हा आई घरी नव्हती. वाक्य निव्वळ वेडेपणाचे वाटते. परंतु हिला यांचे वडील त्यांच्या जन्मापूर्वीच वारले होते आणि त्यांना आजीआजोबांनी वाढवले, हे कळले की त्या वेडेपणाचे मूळ कुठे आहे ते ध्यानात येते.

दगडी_पाटी
या निमित्ताने एक मत मांडतो. यादवी युद्ध जिंकून सत्तेवर आलेल्या फ्रान्कोच्या हुकूमशाहीत सरळ बोलता येत नव्हते, म्हणूनच स्पेनचा विनोद इतका तिरका आणि उत्तम झाला. फोनचे साधन पाहा. फोनवर आपल्याला एकच बाजू ऐकू येते आणि दुसरी प्रेक्षकाने मनात भरायची असते. परिनिरीक्षकाला कात्री लावायला कागदावर काही सापडतच नाही, कारण जे आक्षेपार्ह ते बोललेलेच नाही. तिप आणि कोल यांचेही तेच. पुढच्या आठवड्यात सरकारविषयी बोलू म्हणायचे आणि कधीच बोलायचे नाही. न बोलण्यातच सगळे सांगून झालेले असते. बंधने गेली आणि विनोद ढिला पडला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आगगाडी
फोनचा मुद्दा आवडला. त्यात आणखी एक फोन जोडा. होसे लुइस लोपेस वास्केस हा नट विनोदी चित्रपटांतला हुकमी एक्का होता. लगबग, चिडचिड, मिशी आणि टक्कल, की प्रेक्षक आधीच हसायला तयार. दिग्दर्शक आंतोनिओ मेर्सेरो यांनी १९७२ मध्ये याच नटाला घेऊन 'ला काबिना' हा लघुचित्रपट दूरचित्रवाणीसाठी केला. मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून एक गृहस्थ फोन करायला रस्त्यावरच्या नव्याकोऱ्या बूथमध्ये शिरतो, दार लागते आणि ते काही केल्या उघडत नाही. भोवती गर्दी जमते, लोक हसतात, एकेक जण ताकद आजमावून जातो. पहिली काही मिनिटे आपणही हसतो, कारण काचेआड आपला ओळखीचा विनोदवीर असतो. हसू कोणत्या क्षणी थांबते ते प्रत्येकाने स्वतः पाहावे. १९७३ मध्ये या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.

शब्दवेडी
दगडी_पाटी, आपल्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे. परिनिरीक्षण ही विनोदाची शाळा होती, असे म्हणणे म्हणजे दुष्काळामुळे स्वयंपाक सुधारतो म्हणण्यासारखे आहे. हिला १९६८ मध्ये अर्जेंटिनाला निघून गेले आणि तिथून कायमचे परतायला त्यांना दीड दशकाहून अधिक काळ लागला. ऐन बहरातली ती वर्षे स्पेनच्या रंगमंचाने गमावली. ते आपण कोणत्या खात्यात मांडणार?

आणि बंधने फ्रान्कोबरोबर गेली, हेही अर्धसत्य आहे. फ्रान्को वारला १९७५ च्या नोव्हेंबरात. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, कातालोनियातल्या, म्हणजे बार्सेलोना ज्या प्रांतात आहे तिथल्या, एल्स जुग्लार्स या नाटकमंडळीने 'ला तोर्ना' हे उपहासात्मक नाटक केले. त्याचा विषय १९७४ मध्ये दिल्या गेलेल्या एका देहदंडाचा होता. त्याबद्दल या विनोदी नटांवर लष्करी न्यायालयात खटला भरला गेला. मंडळीचे प्रमुख आल्बेर्त बोआदेया अटकेत असताना बार्सेलोनाच्या रुग्णालयातून निसटून फ्रान्सला पळाले, आणि मागे राहिलेल्या सहकाऱ्यांना शिक्षा झाली. त्याच वर्षी बार्सेलोनातल्या 'एल पापुस' या विनोदी साप्ताहिकाच्या कचेरीत बाँब आला आणि इमारतीचा दरवान ठार झाला. व्यंगचित्रे काढणारे वेगळेच आणि मेला तो दरवान. अशा काळात लोक हसवत राहिले ते बंधनांमुळे नव्हे, बंधने असूनही.

दगडी_पाटी
शब्दवेडी ताई, दरवानाच्या उल्लेखापुढे मी माघार घेतो. तरीही फोनची दुसरी बाजू ऐकू न येण्यात कलेचा जो भाग आहे, तो मी सोडत नाही.

शब्दवेडी
तो सोडू नका, तो मलाही मान्य आहे. मात्र त्याचे श्रेय हिला यांना द्यावे, परिनिरीक्षकाला नव्हे.

तिठा
चर्चा फार गंभीर झाली, आणि विषय तर विनोदाचा आहे. म्हणून मी चिकितो दे ला काल्सादा यांना आत आणतो. यांच्यात राजकारण नाही, दुसरी बाजू नाही, बहुधा पहिलीही नाही. जन्म १९३२, मालागा. आठव्या वर्षापासून फ्लामेन्को गायक. नर्तकांच्या मागे बसून गाणाऱ्यांपैकी एक, ज्यांचे नाव फलकावर बारीक अक्षरांत येते. कामासाठी काही काळ जपानमध्येही काढला. १९९४ मध्ये 'हेनिओ इ फिगुरा' नावाच्या कार्यक्रमात त्यांना विनोद सांगायला बोलावले गेले तेव्हा त्यांनी वयाची ६२ वर्षे ओलांडलेली होती. भडक फुलांचा शर्ट, एक हात कमरेमागे, आणि गरम फरशीवर अनवाणी चालावे तशी तुरुतुरु पावले टाकत हा माणूस मंचभर फिरायचा. विनोद कमालीचे जुने. पण ते शेवटाला पोहोचतच नसत, कारण मध्येच तो किंचाळे, वाकडा होई, आणि कोणत्याही शब्दकोशात नसलेला शब्द काढी. 'फिस्त्रो' म्हणजे काय, हे कोणी सांगू शकत नाही, आणि तरीही काही महिन्यांत शाळकरी पोरांपासून बातमीदारांपर्यंत सगळा देश तो शब्द वापरू लागला. २०१७ मध्ये ते वारले.

सातपुडा, तुमच्या टेबलावर कोणी "आस्ता लुएगो, लुकास" म्हणत निरोप घेतला आणि तिथे लुकास नावाचे कोणीच नसले, तर गोंधळू नका. तोही चिकितोच आहे.

सातपुडा
तिठा, तुमच्या या एका प्रतिसादाने माझी दोन वर्षांची शंका फिटली. मी मनोमन त्या लुकासला शोधत होते.

मोहोर
चिकितो यांच्या अगदी उलट टोकाला एउहेनिओ बसतात, आणि 'बसतात' हे शब्दशः घ्यावे. पूर्ण काळा पोशाख, काळा चष्मा, उंच स्टूल, हातात सिगारेट, बाजूला पेला. आवाजात चढउतार नाही आणि चेहऱ्यावर हसण्याची रेषा नाही. हे कातालान, म्हणजे कातालोनियातले, गृहस्थ, जन्म १९४१, व्यवसायाने जवाहिरकामातले. पत्नी कोन्चिता यांच्याबरोबर ते 'एल्स दोस', म्हणजे 'दोघे', या नावाने गाण्याचे कार्यक्रम करीत. गाण्यांच्या मधली जागा भरायला सांगितलेले विनोद हळूहळू गाण्यांपेक्षा मोठे झाले. १९८० मध्ये कोन्चिता वारल्या, आणि देशभर कीर्ती पसरत असतानाच हा माणूस आतून एकटा पडला. प्रत्येक विनोदाची सुरुवात ते "तो ऐकलाय का, ज्यात म्हणतात की" या कातालान शब्दांनी करीत आणि पुढचा विनोद कातालान हेल काढून स्पॅनिशमध्ये सांगत. ज्या भाषेची फ्रान्कोच्या काळात सार्वजनिक जीवनातून गळचेपी झाली होती, तिचे हे एक वाक्य त्यामुळे दूर दक्षिणेतल्या अंदालुसियातल्या खेड्यापर्यंत सर्वांच्या तोंडी बसले. भाषाभिमानाच्या शंभर भाषणांनी हे साधले नसते, असे मला वाटते. त्यांच्यावरचा चित्रपट २०२३ मध्ये आला. दिग्दर्शक दाविद त्रुएबा, आणि त्यातल्या भूमिकेसाठी दाविद वेर्दागेर यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा गोया हा स्पेनचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

एउहेनिओ आणि हिला दोघेही २००१ मध्ये बार्सेलोनातच गेले, पहिले मार्चमध्ये आणि दुसरे जुलैमध्ये.

पेठकर
न हसता विनोद सांगणारा काळा चष्मेवाला माणूस? आमच्याकडे असे बरेच जण आहेत. फक्त त्यांचा विनोद संपल्यावर समोरचेही हसत नाहीत.

निरंजनी
आतापर्यंत सगळे पुरुषच आले, याची नोंद कोणी घेतली आहे का? लीना मॉर्गन यांच्याविना ही यादी लंगडी आहे, आणि पाय वाकडे करून उभे राहणे ही तर त्यांची ओळखच होती. माद्रिदच्या ला लातिना वस्तीत १९३६ मध्ये जन्म. रेव्ह्यूच्या, म्हणजे नाचगाणी आणि विनोदी प्रवेशांच्या कार्यक्रमाच्या, रांगेत नाचणारी मुलगी म्हणून सुरुवात. भोळी, बावळट वाटणारी, पण शेवटी सर्वांना पुरून उरणारी नायिका त्यांनी वर्षानुवर्षे रंगवली. १९८३ मध्ये त्यांनी आपल्या जन्मवस्तीतले ला लातिना नाट्यगृहच विकत घेतले. समूहात नाचणाऱ्या मुलीने नाट्यगृहाची मालकीण व्हावे, हे मला त्यांच्या सर्व भूमिकांपेक्षा मोठे वाटते. नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणी मालिकांतूनही त्यांनी प्रचंड प्रेक्षक मिळवला. २०१५ मध्ये त्या वारल्या.

समीक्षकांनी त्यांना फारसे मोजले नाही. तिकिटाच्या खिडकीपुढच्या रांगेला मात्र समीक्षा वाचायला वेळ नव्हता.

आगगाडी
मार्तेस इ त्रेसे अजून कसे आले नाहीत? नावाचा अर्थ 'मंगळवार आणि तेरा'. स्पेनमध्ये शुक्रवारी आलेली तेरा तारीख नव्हे, तर मंगळवारी आलेली तेरा तारीख अशुभ मानतात. त्या दिवशी लग्न करू नये आणि गलबतावर चढू नये, अशी म्हणच आहे. १९७८ मध्ये तिघांनी ही मंडळी उभी केली, पुढे फेर्नांदो कोन्दे बाहेर पडले आणि होसेमा युस्ते व मियान साल्सेदो ही जोडी उरली. १९८५ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री सरकारी दूरचित्रवाणीवर त्यांनी नभोवाणीवरील एका प्रसिद्ध निवेदिकेची नक्कल करणारा प्रवेश सादर केला. मोस्तोलेस या माद्रिदजवळच्या गावातली एक बाई कार्यक्रमाला फोन करते आणि तिच्या एम्पानादियांचा विषय निघतो. एम्पानादिया म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराचा तळणीचा पदार्थ. आत बहुधा टुना मासा आणि टोमॅटो असतो. बोलता बोलता शब्द एकमेकांत अडकतात आणि सारा खेळ उधळतो. आज चाळीस वर्षांनीही मोस्तोलेसच्या माणसाने गावाचे नाव सांगितले, की समोरचा करंज्यांची चौकशी करतो.

त्या यशामागचे साधे कारण असे, की खासगी वाहिन्या १९९० च्या सुमारास आल्या. तोपर्यंत मध्यरात्री घड्याळाच्या टोल्यांवर बारा द्राक्षे खाल्ली, की देशातले बहुतेक सर्व घर एकच कार्यक्रम पाहत असे. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या तोंडी एकच वाक्य असणे हे तेव्हा शक्य होते, आज नाही.

शब्दवेडी
आणि दगडी_पाटी यांना चिडवण्यासाठी म्हणते, की याच जोडीचा नवऱ्याच्या मारहाणीवर बेतलेला एक प्रवेशही त्या काळी देशभर हसून पाहिला गेला. तेव्हा तो कोणालाच खुपला नाही. २००४ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला, समाजाची नजर बदलली आणि पुढे त्या कलाकारांनीही त्याबद्दल खेद व्यक्त केला. पेट्रोल पंपांवर विनोदांच्या कॅसेटी विकल्या जाण्याचा जो जमाना होता, त्यात आरेवालो यांच्यासारखे कलाकार नाकात बोलणाऱ्यांवरचे विनोद सांगून घराघरांत पोहोचले. तेही आज ऐकवत नाहीत. तेव्हा जुने ते सर्व तिरके आणि उत्तम होते, हा मुद्दा पुन्हा तपासून पाहावा.

दगडी_पाटी
तपासला. "काही" हा शब्द घालून वाचावे.

मोहोर
नव्यांविषयीही दोन वाक्ये लिहायला हवीत. १९९९ मध्ये 'एल क्लुब दे ला कोमेदिया' सुरू झाला आणि सुटे विनोद सांगण्याची जागा एकपात्री मनोगताने घेतली. पण माझे लाडके होआकिन रेयेस आहेत. हे आल्बासेतेचे, म्हणजे ला मान्चाच्या सपाट शेतीच्या मुलखातले. २००२ पासून 'ला ओरा चानान्ते'मध्ये आणि पुढे 'मुचाचादा नुइ'मध्ये ते जगप्रसिद्ध व्यक्तींची सोंगे घेत. विग चांगला, कपडे बऱ्यापैकी, आणि भाषा मात्र थेट आल्बासेतेच्या पारावरची. हॉलिवूडचा तारा अस्सल वऱ्हाडीत आपली रडगाणी सांगू लागला तर जे होईल, ते तिथे होते. ज्याला स्पॅनिश येते पण आल्बासेते येत नाही, त्याला निम्मेच हसू येते, म्हणून हे शेवटी पाहावे.

कवडसा
मूळ प्रश्नाकडे परत येतो. सातपुडा, आधी हिला यांचे युद्धाचे एकपात्री पाहा, कारण त्यांचे उच्चार स्वच्छ आणि गती संथ आहे. मग एउहेनिओ. नंतर तिप आणि कोल यांचा पाण्याचा पेला भरण्याचा प्रवेश, ज्यात पेला कसा भरावा याच्या सूचना एक जण स्पॅनिशमध्ये देतो आणि दुसरा त्यांचे मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये भाषांतर करतो, आणि पाणी पेला सोडून सगळीकडे जाते. चिकितो यांना मात्र समजून घेण्याचा प्रयत्न करू नका. तो स्पॅनिश लोकांनीही केलेला नाही.

सातपुडा
सर्वांचे आभार. कवडसा यांचा क्रम पाळून शनिवारी संध्याकाळी समोरच्या घरातल्या आजींकडे हिला यांचे चित्रमुद्रण घेऊन गेले. वय ८४, कानाने थोड्या कमी. मी मोबाइल समोर धरला आणि पहिले वाक्य सुरू होण्याआधीच त्यांनी टेबलावरचा दूरचित्रवाणीचा रिमोट उचलून कानाला लावला. "शत्रू आहे का तिकडे? जरा फोनवर बोलवा," असे त्या रिमोटमध्ये म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे पाहत थांबल्या. मोबाइलवर हिला बोलतच होते, पण त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. पलीकडची बाजू मी करावी, अशी त्यांची अपेक्षा आहे, हे ध्यानात यायला मला काही क्षण लागले. मी जमेल तेवढ्या गंभीरपणे सांगितले, की शत्रू जेवायला गेला आहे, पाच वाजता पुन्हा फोन करा.

त्या हसल्या. मग रिमोट खाली ठेवून त्यांनी माझी चूक दुरुस्त केली, की शनिवारी जेवणानंतरच्या गप्पा धरून सहाच्या आत कोणीच उठत नाही, तेव्हा सहा म्हणायला हवे होते.